छापून येईपर्यंत

बाबा, तुमच्या ऑफिसला माझ्याकडून दोन ओळी लेखी हव्या आहेत, आणि त्या तुमच्याविषयी. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्या वेळचा शिपाईसुद्धा आता तिथे नसेल. तरी त्यांना आज जाणून घ्यायचं आहे की एका उन्हाळ्यात, जेवणाच्या सुट्टीत, तुम्ही वाचनालयाचं दार लावून काय केलंत. सकाळपासून कागद घेऊन बसते आणि उठते. देवाची भांडी घासली, पुसून ठेवली, पुन्हा घासली. कुकर लावला आणि शिट्ट्यांकडे लक्षच राहिलं नाही. माझ्या हातून गॅस असा फुकट कधी जळत नाही. त्या दोन ओळी काही उतरत नाहीत म्हणून हे तुम्हाला लिहायला घेतलं. मागच्या वर्षीच्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर लिहिते आहे, तेवढं तुम्हाला आवडलं असतं.

आधी काय झालं ते सांगते. माझी धाकटी, जी तुमच्या मांडीवर बसून तुमचा चष्मा ओढायची, ती आता तुमच्याच ऑफिसात शास्त्रज्ञ आहे. गावोगावच्या विहिरींचं, हातपंपांचं पाणी बाटल्यांत भरून आणते आणि जमिनीखालच्या पाण्यात काय काय आहे ते शोधते. जयपुरात जन्मली, इथेच शिकली. मराठी बोलते, पण अडखळत, 'मतलब' आणि 'जी' पेरत. तुम्हाला 'आजोबाजी' म्हणते, आणि मी ते सुधारायचं सोडून दिलं आहे. तिने एका कामात ऑफिसात तुमचा दाखला दिला. तो दाखला तिने माझ्या सांगण्यावरून दिला. आता तिचे साहेब म्हणतात, तुझ्या आजोबांनी इथे असं केलं होतं एवढं घरच्यांनी लिहून द्यावं, मी फाइल बंद करतो. नाही दिलं तर मेमो, आणि मेमोच्या मागून बदली येते हे तुम्हाला मी काय सांगणार. अडचण एवढीच आहे बाबा, की मी तिला जे सांगितलं ते मी पाहिलेलं नाही. हे, म्हणजे तुमचे जावई, सकाळी पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "लिहून टाक की. वर जाऊन कोण विचारणार आहे त्यांना? तू काय सुप्रीम कोर्टात उभी आहेस?" त्यांचं सगळं आयुष्य विम्याच्या दाव्यांत गेलं. त्यांना सही म्हणजे सही. मला तसं जमत नाही. घरच्या हिशेबातसुद्धा मी जे माझ्या समोर खर्च झालं नाही ते विचारल्याशिवाय लिहीत नाही, हे तुम्हीच लावलेलं वळण.

तुमचं काम आम्हाला लहानपणी धड कळत नव्हतं. शास्त्रज्ञ खणायचे, मोजायचे, लिहायचे. त्यांनी लिहिलेलं छापून ज्याच्या त्याच्या हाती पोचवायचं, ते तुमच्याकडे. त्याच्या नियमांची एक निळ्या पुठ्ठ्याची पुस्तिका तुमच्या टेबलावर असायची. प्रती किती छापायच्या, लिहिणाऱ्याला किती द्यायच्या, कुठल्या ग्रंथालयांना मोफत पाठवायच्या आणि कुणाला खिडकीवर पैसे भरूनच, नकाशा असेल तर मंजुरी कुणाची, आणि छापायचं राहिलेलं असेल तर ते कुणी बघावं आणि कुणी बघू नये. ते सगळं तुम्हाला अध्याय पाठ असावेत तसं पाठ होतं. आई म्हणायची, ह्यांना स्वतःच्या लग्नाची तिथी आठवत नाही, पण कलम विचारा.

रविवारी प्रूफं घरी यायची. ती घरी आणायलाही तुम्ही साहेबांची लेखी परवानगी घेतली होती. स्वयंपाकघरात उजेड चांगला म्हणून आपण तिथेच बसायचो. अजून दिसतं मला. आई ओट्याशी पोळ्या लाटते आहे, तुम्ही भिंतीला टेकून पाटावर, प्रूफ तुमच्या हातात आणि मूळचे टाइप केलेले कागद माझ्या. मी आकडे वाचायचे, तुम्ही छापलेल्याशी ताडून बघायचात. गावाचं नाव, विहिरीची खोली, पाण्यात अमुक किती, तमुक किती. मला त्यातलं काही कळत नाही, पण शाळेतून आल्यावर आजीची पोथी वाचून दाखवायची सवय, त्यामुळे मी आकडेही ओवीसारखे वाचते. तुम्ही पेन्सिल खाली ठेवता. "सूर लावू नकोस. सुरात वाचलं की ऐकणाऱ्याचा कान झोपतो, आणि चूक तेवढ्यात निघून जाते." मग मी कोरडं वाचते. आई पाठमोरी हसते.

ते पुस्तक छापून आलं तेव्हा मी एक प्रत मागितली. अख्खं मी वाचलं होतं ना. तुम्ही म्हणालात, मोफत वाटपाच्या यादीत तुझं नाव नाही. चेष्टेत नाही, खरंच. आणि मग मी मॅट्रिक झाले तेव्हा तुम्ही खिडकीवर रांगेत उभं राहून ती प्रत विकत आणलीत आणि पावतीसकट माझ्या हातात दिलीत. आईने कपाळाला हात लावला. पोरीला साडी घ्यायची सोडून विहिरी दिल्या, हे ती पुढे माझ्या लग्नातही सांगत होती.

तुमचं रागावणं एकदाच लागलं मला, तेही ह्या प्रूफांवरूनच. शेजारच्या काकीजींना शंकरपाळे द्यायचे होते आणि घरात रद्दी नव्हती. खाडाखोड केलेलं एक जुनं प्रूफ पडलं होतं, त्यात बांधून मी देऊन आले. संध्याकाळी तुम्ही कागद लावायला घेतले तर एक कमी. मी सांगितलं तशी तुम्ही चप्पलही न घालता त्यांच्याकडे गेलात. मी मागोमाग. काकीजींनी शंकरपाळे ताटात ओतून तो तेलकट कागद तुमच्या हातात दिला आणि हसत म्हणाल्या, "भाईसाहब, इसमें तो गिनती ही गिनती है, मैं इसका क्या करूँगी?" आणि तुम्ही तुमच्या सांगलीच्या हिंदीत म्हणालात, "बहनजी, वो गिनती ही बाहर नहीं जाने का." त्यानंतर कितीतरी दिवस त्या मला बघितलं की विचारायच्या, क्यों बिटिया, आज गिनती में क्या बाँधा है.

घरी आल्यावर तुम्ही आवाज चढवला नाही. मला समोर बसवून म्हणालात, "छापलं म्हणजे सरकार बोललं. त्याआधी तो एका माणसाचा अंदाज असतो. आणि अंदाज एकदा घराबाहेर पडला की परत आणता येत नाही." मग तुम्ही आधीच्या गावच्या नोकरीतली हकिगत सांगितलीत. तिथल्या एका कारकुनाने आपल्या सासुरवाडीच्या विहिरीचा आकडा छापायच्या आधीच सासऱ्याला सांगितला. गावाने विहिरीत दगड आणि काटे टाकले, सारा उन्हाळा बायका लांबच्या विहिरीवर गेल्या, एकीचं त्या वाटेवर पोट पडलं. आणि पुन्हा तपासलं तेव्हा कळलं की बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या बदलल्या होत्या, ती विहीर गोड होती. "नियम उगाच कुणी लिहीत नाही," तुम्ही म्हणालात. "कुणाचा तरी हात पोळलेला असतो." हे मला तेव्हाही पटलं आणि आजही पटतं. म्हणूनच मला चैन नाही. तुम्ही नुसते कडक असता तर सोपं होतं.

मधे उठले होते. दूधवाला भैया आला होता. त्याला म्हटलं पाणी घालतोस का रे, तर म्हणतो, माताजी, जयपुरात पाणी दुधापेक्षा महाग झालंय, कोण घालणार. हसले, पण पुन्हा तेच डोक्यात.

तो दिवस. मॅट्रिकची परीक्षा झालेली, निकाल लागायचा होता. तुम्ही डबा घरी विसरलात आणि आईने मला बसने पाठवलं. तुमच्या खोलीबाहेरच्या बाकावर साफा बांधलेला एक माणूस आणि त्याची मुलगी बसलेली. जयपूरजवळच्या चाकसूच्या बाजूची माणसं. मुलगी माझ्याच वयाची असेल, पण तिचे गुडघे सरळ होत नव्हते, बसली तरी पाय दुमडलेलेच. माझ्या बांगड्या बघून तिने विचारलं, कितने की आई? मी सांगितलं तर म्हणाली, ठग लिया तुमको. आणि हसली, आणि हसताना ओढणी तोंडावर धरली. दात तपकिरी झाले होते. ते जमिनीतल्या फ्लोराइडने होतं, हाडंही त्यानेच वाकतात, हे मला आता लेकीमुळे माहीत आहे. तेव्हा वाटलं, तंबाखूची मशेरी लावत असेल.

तिच्या बापाला कुणीतरी सांगितलं होतं की त्यांच्या गावच्या पाण्याचं पुस्तक इथे निघतं. तुम्ही दारात उभे राहून त्याला समजावलंत की काम झालेलं आहे पण छपाई व्हायची आहे, छापून आलं की पंचायतीला प्रत जाईल, यादीत पंचायत आहे. तो ऐकत राहिला. मग बस केव्हा आहे असं विचारावं तसं त्याने विचारलं, "छपने तक क्या पिएँ, बाबूजी?"

तुम्ही माझ्याकडे बघितलंत, त्या मुलीकडे बघितलंत. मग त्याला म्हणालात, "आप इधर आओ," आणि वाचनालयाकडे नेलंत. जाताना मला म्हणालात, "डबा टेबलावर ठेव आणि जा, बस चुकेल." आत गेलात आणि दार ओढून घेतलंत. मी गेले. संध्याकाळी डबा जसाच्या तसा परत आला. आई म्हणाली, मेथी नको होती तर तसं सांगायचं, घरातली माणसं तरी खातील. तुम्ही म्हणालात भूक नव्हती. त्या दिवसाविषयी तुम्ही पुन्हा कधी काही बोलला नाहीत, आणि मी विचारलं नाही. तुम्हाला विचारायची पद्धत नव्हती आपल्याकडे.

आता ह्या वर्षीचं ऐका. होळीनंतर अष्टमीला मी चाकसूला शीतलामातेच्या जत्रेला जाते. धाकटीला लहानपणी गोवर आला होता तेव्हाचा बोललेला नवस. तो फेडून झाला तरी जाणं सुटलं नाही. आदल्या दिवशी केलेलं थंड खायचं, चूल पेटवायची नाही. ह्या वेळी लेकीनेच गाडीने नेलं. दर्शन करून आम्ही सावलीत बसलो तर एक बाई जवळ आली आणि लेकीला म्हणाली, तुम वही बोतल वाली मैडम हो ना. जवळच्याच गावची. हिने तिथल्या हातपंपाचं पाणी नेलं होतं. ती विचारते, क्या निकला हमारे पानी में? लेक म्हणाली, रिपोर्ट छापून आला की कळेल. अच्छा जी, छपने दो, असं म्हणून ती बाई आमच्याजवळच टेकली, गोड पुआ दिला, आणि ऊन आहे म्हणून आपल्या कॅनमधलं पाणी लोट्यात ओतून माझ्यापुढे केलं. गावाहून आणलेलं, त्याच पंपाचं. मी हात पुढे केला तर लेकीने लोटा माझ्या हातातून घेतला आणि स्वतः प्यायली. मला म्हणाली, तहान लागली होती. त्या बाईने हे सगळं पाहिलं. ती नुसती लेकीच्या तोंडाकडे बघत राहिली.

लेक घरी येऊन जेवली नाही. दुसऱ्या दिवशीही ताट तसंच. मग सांगितलं तिने. आकडा वाईट होता. दोनदा तपासून झाला होता, चिठ्ठी बदलण्याचा प्रश्न नव्हता. पण अहवाल समितीपुढे जायचा, समितीची बैठक पुढे ढकलली जात होती, आणि मंजुरी होऊन छापल्याशिवाय आकडा कुणाला द्यायचा नाही. पुस्तिका आता कॉम्प्युटरवर आहे बाबा, निळा पुठ्ठा गेला, पण आत तेच. तिने मला विचारलं, "आई, आजोबाजी असते तर काय केलं असतं? मतलब, ते तर एकदम नियमवाले होते ना." मी तिच्या ताटाकडे बघितलं आणि सांगून टाकलं. की असाच एक माणूस आला होता, आणि तुम्ही त्याला वाचनालयात बसवून, जेवणाची सुट्टी घालवून, त्याच्या गावचे आकडे वाचून दाखवलेत. किती सहज सांगितलं. दार, साफा, मुलगी, सगळं होतंच. मधलं तेवढं मी भरलं. ती जेवली.

पुढच्या आठवड्यात तिने त्या बाईला आणि तिच्याबरोबरच्या दोघीतिघींना ऑफिसात बोलावलं. छापलेला नसलेला अहवाल परवानगीने वाचनालयात बसून बघता येतो, बाहेर नेता येत नाही, हा नियम तुमच्या वेळेपासून आहे. तिने रीतसर परवानगी काढली, वहीत त्यांचे अंगठे घेतले, आणि सुट्टीत त्यांच्यासमोर बसून त्यांच्या पंपाचं पान हिंदीत वाचून दाखवलं. बायकांनी गावात जाऊन पंपाच्या दांड्याला लाल चिंधी बांधली आणि पिण्याचं पाणी दुसऱ्या पंपावरून भरायला लागल्या. पण शेजारच्या गावांतली माणसं ऑफिसच्या दारात येऊन उभी राहिली, आम्हालाही वाचून दाखवा. साहेबांना कळलं. ते वाईट नाहीत, निवृत्तीला आलेत आणि घाबरतात. म्हणाले, नियमात बघणं आहे, वाचून दाखवणं नाही, ते वाटप झालं. लेक म्हणाली, सर, जिला वाचता येत नाही तिने बघायचं म्हणजे काय बघायचं? त्यावर सरकारी माणूस विचारतो तेच त्यांनी विचारलं, "इस ऑफिस में पहले कभी हुआ है?" ही म्हणाली, हुआ है, मेरे नाना ने किया है.

तुम्ही ज्याला पायंडा म्हणायचात, तो मी घरबसल्या पाडला, तोही तुमच्या नावाने.

दुपार झाली. शेवटी लिहिल्या दोन ओळी. वेगळ्या, चांगल्या कागदावर, हिंदीत. माझे वडील एका गावकऱ्याला घेऊन वाचनालयात गेले आणि दार लावलं, हे मी पाहिलं आहे. आत काय झालं ते मी पाहिलेलं नाही. खाली सही. ह्यांनी चष्मा लावून वाचलं आणि म्हणाले, ह्यापेक्षा न लिहिलेलं बरं, दावा बुडाला. मग थोड्या वेळाने स्वतःच चहा करून आणला. म्हणजे समजा.

आता संध्याकाळ आहे. लेक आली, हातपाय धुवायच्या आधीच कागद मागितला. उभ्यानेच वाचला, मग खुर्चीत बसून परत वाचला. हिंदी तिची पक्की आहे, समजायला वेळ लागायचं कारण नव्हतं.

"मतलब, तुला माहीत नाही?"

"नाही."

"मग सांगितलं कशाला?"

मी म्हटलं, तू जेवत नव्हतीस. हे ऐकून ती हसेल असं वाटलं होतं. ती हसली नाही. म्हणाली, "आई, माझी हिंमत नव्हती गं. कुणीतरी आधी केलंय असं वाटलं म्हणून केलं मी." बाहेर भाजीवाल्याचा गाडा थांबला होता, तो ओरडून ओरडून पुढे गेला आणि आम्ही दोघीही उठलो नाही. मला वाटलं, आता ती हा कागद फाडेल आणि म्हणेल दुसरा लिही. आणि खरं सांगते, म्हणाली असती तर मी लिहिलाही असता. पण तिने तो घडी करून बॅगेत ठेवला. मी विचारलं, हाच देणार? तर म्हणाली, "हाच. बदली तर बदली. बाडमेरला पण पंप आहेत. आणि पुढे कुणी साहेब विचारतील ना, कधी झालंय का असं, तर माझं नाव आहे की. ते तर खरं आहे." मग आत गेली आणि नेहमीसारखी दोन पोळ्या, भाजी, वर ताक घेऊन बसली. माझ्याच घशाखाली आज घास उतरला नाही.

बाबा, मी तुम्हाला ओळखते. तुम्ही आकडे वाचून दाखवले असतेत तर आधी साहेबांची लेखी परवानगी काढली असतीत आणि रात्री आईला सांगितलं असतंत. चुकलेला एक पूर्णविराम सापडला तरी तुम्हाला तो घरात सांगितल्याशिवाय राहवायचं नाही. मला वाटतं, तुम्ही त्या माणसाला आत बसवून ती विहिरीत दगड टाकल्याची हकिगत सांगितलीत, शांतपणे, सगळी, आणि छापून येईपर्यंत थांबायला सांगितलंत. ते चूक होतं असंही मला छातीवर हात ठेवून म्हणता येत नाही. पण ती मुलगी माझ्या वयाची होती, आणि बांगड्यांचा भाव तिला माझ्यापेक्षा बरा कळत होता.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, त्यामुळे एक सांगायला हरकत नाही. मघाशी सांजवात लावली तेव्हा मी देवीकडे लेकीची नोकरी मागितली नाही, बदली टळावी असंही मागितलं नाही. मागितलं ते असं, की त्या दिवशी दार लावून तुम्ही वाचलेलं असावं. होऊन गेलेलं देवीकडे मागू नये, एवढं मला कळतं. तरी मागितलं.